ऑर्गनवर एकट्यानं संथ जॅझ बॅलड: बेस, कॉर्ड आणि सूर एकत्र आले की सगळं गढूळ का होतं?

पेटीवाला_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार मंडळी. हात हार्मोनियमचा, साथ सुगम आणि नाट्यगीतांची. आता संथ जॅझ बॅलड ऑर्गनच्या आवाजात एकट्यानं वाजवायच्या आहेत. ड्रमर नाही, बेसवाला नाही, ट्रॅकही लावायचा नाही. पुढच्या महिन्यात विश्रामबागला एका छोट्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसांपुढे तीन बॅलड वाजवायचं ठरलंय.

सामान: वर ६१ पट्ट्यांचा क्लोन कीबोर्ड (हॅमंड ऑर्गनची नक्कल), नऊ ड्रॉबार (सुराचा एकेक थर ० ते ८ पर्यंत ओढायचे दांडे), रोटरी म्हणजे फिरत्या स्पीकरचा इफेक्ट. खाली ६१ पट्ट्यांचा जुना मिडी कीबोर्ड. पायानं वाजवायचा १३ पट्ट्यांचा मिडी पेडलबोर्ड, सी ते सी. आवाज कमीजास्त करायचं एक एक्स्प्रेशन पेडल.

अडचणी अशा:

डाव्या हातानं खाली कॉर्ड धरली की आवाज गढूळ होतो. दोन्ही कीबोर्डला ८८ ८००० ००० (नऊ ड्रॉबारांचे आकडे, क्रमानं) लावलंय, कारण सगळीकडे हेच सेटिंग वाचायला मिळतं.

मेट्रोनोम ६० ला ठेवला तरी मी पुढे पळतो. मेट्रोनोम बंद केला की ऐकणारे म्हणतात, शाळेतली प्रार्थना चाललीय.

परकशन चालू केलं की पहिल्या सुराला टण् येतो, पुढच्या सुरांना येत नाही. कीबोर्ड बिघडलाय का?

उदाहरणादाखल ई फ्लॅटमधली साधी जागा धरा: एफ मायनर सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, मग दोन बार (बार म्हणजे चार मात्रा) ई फ्लॅट मेजर सेव्हन. एवढं चार बारांचं तरी नीट कसं वाजवायचं ते कुणी पट्टी-पट्टीनं सांगेल का?

ड्रॉबार८८८ (पुणे, मूळ तासगाव)

कीबोर्ड बिघडलेला नाही, सेटिंग चुकीच्या जागी आहे. परकशनचं शेवटी सांगतो, आधी गढूळपणा.

८८ ८००० ००० हे उजव्या हातानं वरच्या कीबोर्डवर एकेरी ओळ वाजवण्यासाठी आहे, जलद आणि ठसक्यात. त्यावर चार सुरांची कॉर्ड धरली की काय होतं बघा. पहिला ड्रॉबार १६ फुटी, तो दाबलेल्या पट्टीच्या एक सप्तक खालचा सूर देतो. दुसरा ५⅓ फुटी, तो दाबलेल्या सुराचा पंचम देतो. तिसरा ८ फुटी, तो खुद्द सूर. आता एफ मायनर सेव्हनसाठी डाव्या हातात ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी असे चार सूर घेतले. वरच्या जीचा १६ फुटी सूर एक सप्तक खाली येतो आणि तुमच्या ए फ्लॅटच्या शेजारी जाऊन बसतो. अर्ध्या सुराचं अंतर, तेही मध्य सीच्या खाली. तुम्हाला गुरगुर ऐकू येते ती ही. त्यावर ५⅓ मुळे प्रत्येक सुराचा पंचम वेगळाच. चार बोटांत बारा सूर वाजतायत, त्यातले निम्मे तुम्ही मागितलेले नाहीत.

म्हणून खालच्या कीबोर्डवरचे पहिले दोन ड्रॉबार पूर्ण आत. सुरुवात अशी करा:

वरचा कीबोर्ड: ८० ८००० ०००, कोरस (सुराला हलकी थरथर देणारा इफेक्ट) सी-३, परकशन बंद.
खालचा कीबोर्ड: ०० ६४०० ०००, कोरस बंद.
पेडल: १६ फुटी ८, ८ फुटी ४.

वर १६ फुटी उघडा आहे, म्हणून मूळ चाल लिहिलीय त्यापेक्षा एक सप्तक वर वाजवा. लिहिलेल्या जागी वाजवली तर तिचा खालचा सूर डाव्या हाताच्या कॉर्डमध्ये घुसतो आणि चाल हरवते. एवढ्या एका बदलानं अर्धं काम होतं, पण बहुतेक जण ते न करता ड्रॉबारशीच खेळत बसतात.

आता पळण्याचं. पियानोवर कॉर्ड दाबली की ती लगेच ओसरायला लागते. तिच्या ओसरण्यावरून कानाला कळतं की किती वेळ गेला. ऑर्गनवर कॉर्ड चौथ्या सेकंदालाही पहिल्या सेकंदाइतकीच ठाम असते. कानाला खूण मिळत नाही, म्हणून हात अस्वस्थ होऊन पुढचा सूर लवकर टाकतो. ६० च्या लयीत एक बार चार सेकंदांचा. चार सेकंद एकच न हलणारा आवाज ऐकणाऱ्यालाही सहन होत नाही, तेच ते प्रार्थना प्रकरण.

उपाय उचलण्यात आहे. पट्टी दाबायची वेळ आपण सगळेच मोजतो, ऑर्गनवर सोडायची वेळही तितकीच मोजायची. डाव्या हाताची कॉर्ड पहिल्या मात्रेवर घ्या, तिसरी मात्रा संपता संपता सोडा, चौथ्या मात्रेत फक्त चाल आणि बेस राहू दे. पुढच्या बारला उलट: दुसऱ्या मात्रेचे तीन भाग धरून कॉर्ड त्यातल्या शेवटच्या भागावर घ्या आणि बार संपेपर्यंत धरा. प्रत्येक बारला कॉर्ड कुठे सुटते ते कागदावर लिहून काढा. गंमत नाही, खरंच लिहा. दोन आठवड्यांनी कागद लागणार नाही.

एकच सूर दोनदा आला तर मध्ये स्पष्ट उचल हवी, नाहीतर दोन सुरांचा एक लांब सूर होतो. वेगळे सूर असतील तर उलट, बोटानं बोटाला चिकटून. तिसऱ्या बोटानं सूर धरायचा, तो वाजत असतानाच त्याच पट्टीवर पाचवं बोट आणायचं आणि तिसरं मोकळं करायचं. सस्टेन पेडलला पायही लावू नका. त्या पेडलला रोटरीचा वेग जोडता येत असेल तर जोडा, तेवढाच त्याचा उपयोग.

आता परकशन. मूळ हॅमंड बी-३ ऑर्गनवर ते एकदाच वाजतं: सगळ्या पट्ट्या सुटलेल्या असतील तरच पुढच्या सुराला टण् येतो. तुम्ही पेटीसारखं जोडून वाजवताय, म्हणून फक्त पहिल्याला मिळतो. क्लोनवाल्यांनी मुद्दाम तसंच ठेवलंय. बॅलडमध्ये हेच कामाला येतं: वाक्याच्या आधी हात पूर्ण उचलला की वाक्याच्या पहिल्याच सुरावर तो ठिपका पडतो, बाकी वाक्य गुळगुळीत. लावायचंच असेल तर सॉफ्ट आणि थर्डवर. नॉर्मलवर ठेवलं तर ड्रॉबारचा आवाज खाली जातो आणि चाल मागे पडते. शिवाय परकशन चालू असताना नववा ड्रॉबार, म्हणजे १ फुटी, मूळ वाद्यावर गप्प असतो, कारण परकशनचा ट्रिगर त्याच संपर्कावरून घेतलाय. ८० ०००० ८८८ असं पोकळ, शिट्टीसारखं सेटिंग लावून त्यातला वरचा आवाज येत नसेल तर आधी परकशन बंद आहे का ते बघा.

पायपेटी_मिरज

ड्रॉबारसाहेबांनी यंत्राची बाजू सांगितली, मी पेटीवाल्याच्या हाताची सांगतो.

पेटीवरही सूर आपोआप विरत नाही, पण तिथे भाता आहे. हवा ओसरते, तुम्ही परत भरता, त्या चढउतारातून सुराला श्वास मिळतो. आपल्याकडच्या नाटकांत पायपेटी असायची, तिथेही दोन्ही पाय हेच काम करत. या कीबोर्डवर हवा संपतच नाही. तो श्वास तुम्हाला उजव्या पायाच्या एक्स्प्रेशन पेडलमधून आणि हात उचलण्यातून द्यावा लागेल. मात्र भात्याची सवय जशीच्या तशी पायात उतरवू नका. पेटीवाले प्रत्येक सुराला पेडल दाबतात आणि मग आवाज लाटा मारतो. पेडल निम्म्यावर ठेवून वाक्य सुरू करा, वाक्याच्या सर्वांत उंच सुरापर्यंत पाऊण, मग परत निम्म्यावर. चार बारांच्या वाक्याला एक चढ, एक उतार, बास.

दुसरी सवय आणखी हट्टी. साथीला बसलेला पेटीवाला गायकाच्या मागे जागा भरत राहतो, कारण पोकळी राहिली तर साथ उघडी पडते. इथे मागे कुणी गात नाही. मोकळी जागा मोकळीच सोडायची.

डावा हात आजवर भात्यावर होता. त्याला पट्ट्या ठाऊक नाहीत हे गृहीत धरून चला. तुमचे चार बार आपल्या काळी-पांढरीत देतो. पहिला सूर मध्य सीच्या खालचा, हात तिथेच राहतो.

एफ मायनर सेव्हन: काळी चार, पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच.
बी फ्लॅट सेव्हन: काळी चार, पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी पाच.
ई फ्लॅट मेजर सेव्हन: पांढरी पाच, काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एकच बोट हलतं: काळी दोनवरून पांढरी दोनवर. बाकी तीन बोटं पट्टीवरून उठतसुद्धा नाहीत. तिसऱ्यात जाताना पांढरी दोन जागेवर राहते, बाकी तिन्ही एकेक पायरी खाली उतरतात. यात कुठेच मूळ सूर नाही, कारण एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट पायात आहेत. डाव्या हातात परत मूळ सूर घेतला की गढूळपणा परत आला म्हणून समजा.

चार सूर जड वाटले तर आधी दोनच घ्या: काळी चार आणि काळी दोन, मग काळी चार आणि पांढरी दोन, मग पांढरी पाच आणि पांढरी दोन. कॉर्डचा सगळा स्वभाव या दोनांत आहे. पहिले दोन आठवडे एवढ्यावर पूर्ण गाणं वाजवा. संथ लयीत दोन सूर अपुरे वाटत नाहीत. उलट मला तर पहिल्या फेरीला दोनच आवडतात, चार सूर दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावेत.

एक सापळा. ई फ्लॅट मेजर सेव्हनवर चाल खुद्द ई फ्लॅटवर येऊन थांबली, तर डाव्या हातातली पांढरी दोन तिच्याशी भांडते. पियानोवर ते भांडण ओसरून जातं, इथे चार सेकंद कानात घुमत राहतं. अशा वेळी पांढरी दोनऐवजी पांढरी एक घ्या, कॉर्ड सिक्स्थची होते आणि सूर निवांत बसतो. बॅलडचे शेवट बहुतेक मूळ सुरावरच असतात, म्हणून ही जागा आधीच तयार ठेवा.

आणि ट्रान्सपोजचं बटण विसरा. काळी एकवरून सगळं वाजवायची सोय पेटीवर चालते. इथे वरच्या कीबोर्डचं ट्रान्सपोज खालच्या मिडी कीबोर्डला आणि पेडलला लागेलच असं नाही, आणि भर कार्यक्रमात बेस एका पट्टीत, चाल दुसऱ्या पट्टीत असा तमाशा होतो.

पेटीवाला_विश्रामबाग

दोघांचे मनापासून आभार. खालचे दोन ड्रॉबार आत ढकलले आणि खरंच निम्मी घाण गेली.

आणखी दोन गोष्टी. पेडलवर एफवरून बी फ्लॅट आणि तिथून ई फ्लॅट, या उड्यांत पाय चुकतो, खाली बघावं लागतं. आणि रोटरी कधी फिरवायचा? शिवाय गोव्यात एक जुना अमेरिकन हॅमंड विकायला आहे असं कळलंय. इकडे आणून लावला तर चालेल का, की नसता उद्योग?

चवडा_टाच (कराड)

पेडलचं मी घेतो.

आधी जोडे. रबरी तळाचे स्पोर्ट शूज पट्टीला चिकटतात, पाय सरकत नाही. पातळ चामडी तळ आणि थोडी टाच असलेला जोडा घ्या, नाहीतर नुसते मोजे. ऑर्गनवादक रोडा स्कॉट तर अनवाणीच वाजवतात, म्हणजे तेही चालतं. पण टाच वापरायला शिकायचं असेल तर जोडा सोयीचा.

डावा पाय बेसला, उजवा कायम एक्स्प्रेशनवर. खाली न बघता जागा सापडायला काळ्या पट्ट्यांमधली खाच वापरा: ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. चवड्याची कड काळ्या पट्टीला लावून सरकवली की खाच लागते, तिथून उजवीकडे एफ. हे अंधारात दिवा बंद करून करा.

तुमच्या उड्यांना सरळ पर्याय आहे. बी फ्लॅट सेव्हनच्या जागी बेसला बी फ्लॅट न देता ई द्या. डाव्या हातातले काळी चार आणि पांढरी दोन हे दोन सूर ई सेव्हनमध्येही तसेच बसतात, म्हणून कॉर्ड बिघडत नाही, रंग बदलतो. बेस होतो एफ, ई, ई फ्लॅट. एफ चवड्यानं, ई टाचेनं, टाच तिथेच टेकलेली असताना चवडा डावीकडे वळवून ई फ्लॅट. पाय वीतभरसुद्धा हलत नाही. एकच पथ्य: त्या बारला दोनच सूर ठेवा, चार सुरांची कॉर्ड घेऊ नका, कारण वरची पांढरी पाच आणि पांढरी एक ईच्या बेसवर वेगळंच काही सांगतात. आणि चाल त्या जागी बी फ्लॅटवर थांबत असेल तर एकदा वाजवून ऐका, प्रत्येक चालीला हे शोभत नाही.

सरळ उडीच घ्यायची असेल तर १३ पट्ट्यांवर एफवरून वर बी फ्लॅट, तिथून खाली ई फ्लॅट, एवढाच मार्ग आहे. बी फ्लॅट तिसऱ्या मात्रेला सोडून द्या, चौथ्या मात्रेत पाय हवेतून ई फ्लॅटवर आणून ठेवा, न दाबता. पहिल्या मात्रेला फक्त दाबायचं. पाय आधी पोचलेला असतो, म्हणून लय चुकत नाही.

बेसचा ताल: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला एकेक सूर. दुसरा सूर येण्याआधी अर्ध्या मात्रेची उघडीप. या उघडिपीतूनच लय ऐकू येते. तुम्हाला विलंबित ठेक्याची सवय आहे, तिथे सम तबला दाखवतो. इथे सम दाखवायचं काम याच बेसचं. तीन-चार बारांनी एकदा चौथ्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागावर पुढच्या मूळ सुराच्या अर्धा सूर वरून किंवा खालून हलका स्पर्श द्या. प्रत्येक बारला दिलात तर गाणं लंगडतं.

मेट्रोनोम ६० ऐवजी ३० ला लावा आणि ती टिकटिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेची समजा. दोन टिकटिकींत दोन सेकंद जातात, मधलं तुमचं तुम्हाला भरावं लागतं. मनात प्रत्येक मात्रेचे तीन भाग मोजत राहा. पळण्यावर याहून चांगलं औषध मला माहीत नाही.

सरावाचा क्रम: आधी पाय आणि डावा हात, चाल नाही. मग पाय आणि उजवा हात, कॉर्ड नाहीत. मग दोन्ही हात, पाय बंद. तिन्ही जोड्या न अडखळता झाल्या की मगच एकत्र. बहुतेकांचं दुसऱ्या जोडीत अडतं, कारण उजवा हात गात असतो आणि डावा पाय त्याच्या मागे लागतो.

पेडलबोर्ड नसेल तर बेस डाव्या हातात येतो. जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथ यांची पद्धत तीच: बेसची ओळ डाव्या हातात, पाय पेडलवर फक्त ठोका द्यायला. दुसऱ्या ऑर्गनवादक बार्बरा डेनरलाइन खरोखर पायांनी पूर्ण बेस वाजवतात. संथ बॅलडला पायांचीच पद्धत बरी, कारण डावा हात मोकळा राहतो. ३२ बारांच्या गाण्याची एक फेरी ६० च्या लयीत दोन मिनिटं आठ सेकंदांची. दोन फेऱ्या पुरे. पहिली सरळ चाल. दुसरीत पहिले सोळा बार मोकळं वाजवा आणि मधल्या भागापासून परत चालीवर या. पूर्ण तिसरी फेरी एकट्या ऑर्गनवर ऐकणाऱ्याचा अंत बघते.

वाईकर_रोटरी (सातारा जिल्हा)

रोटरीबद्दल. पहिली पूर्ण फेरी संथ वेगावर. मूळ लेस्लीत (ऑर्गनसोबतचा खरा फिरता स्पीकर) वरचा हॉर्न संथ असताना मिनिटाला साधारण ५० फेरे घेतो, जलद असताना ४०० च्या घरात. बटण दाबल्यावर हॉर्न एखाद्या सेकंदात वेग पकडतो, खालच्या ड्रमला चार-पाच सेकंद लागतात. ही मधली चढणच ऐकायची असते, पूर्ण वेग नव्हे. म्हणून उंच सुराच्या आधीच्या मात्रेला बटण दाबा, सूर पोचला की लगेच परत संथ करा. ६० च्या लयीत मात्रा म्हणजे एक सेकंद, हिशोब आपोआप बसतो. पूर्ण वेग फक्त शेवटच्या धरलेल्या कॉर्डला, तोही एकदा.

वर सी-३ कोरस आणि वर रोटरीही, दोन्ही एकदम लावलं तर छोट्या हॉलमध्ये चाल डुलते. एक निवडा. माझं मत रोटरीला.

कीबोर्डमधला रोटरी स्टिरिओ असतो. हॉलच्या मिक्सरला एकच वायर दिली तर दोन्ही बाजू एकमेकांना खातात आणि आवाज मध्येच पोकळ होतो. दोन वायर द्या, किंवा कीबोर्डच्या मेनूत मोनो करा.

बेसही तपासा. पेडलच्या सर्वांत खालच्या सीचा १६ फुटी सूर ३३ हर्ट्झच्या आसपास असतो. हॉलमधले दहा-बारा इंची बॉक्स तो देतच नाहीत, पाय दाबलेला दिसतो आणि ऐकू काही येत नाही. तिथे १६ फुटी ६ वर आणा आणि ८ फुटी ६-७ पर्यंत ओढा. घरच्या हेडफोनवर जमवलेला बेस हॉलमध्ये जसाच्या तसा कधीच मिळत नाही.

हॅमंडबद्दल सरळ सांगतो: आधी पाटी बघा. अमेरिकन असेल तर त्यावर ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल. सूर टोनव्हीलमधून येतो आणि ती चाकं फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. आपल्याकडे ५० हर्ट्झ. वेग सहाला पाच होतो आणि अख्खं वाद्य जवळजवळ मायनर थर्डनं उतरतं, म्हणजे सी दाबला की ए वाजतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही, म्हणून नुसत्या ट्रान्सफॉर्मरनं हे सुटत नाही. ६० हर्ट्झ शुद्ध साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर लागतो, आणि तो त्या भाराचा हवा. बी-३ असेल तर बेंच-पेडलसकट वजन १९० किलोच्या आसपास. जिना असलेल्या घरात चार माणसं आणि दोर. सुट्या भागांचं आणि टोनव्हीलच्या तेलाचं वेगळंच. तीन बॅलडसाठी तुमच्या कीबोर्डवर काहीच अडत नाही. आवड म्हणून घ्यायचा तर घ्या, पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमासाठी नको.

ड्रॉबार८८८

वाईकरांशी एका बाबतीत मतभेद. सी-३ काढू नका. रोटरीचा इफेक्ट स्वस्त असेल तर संथ वेगावर तो नुसता आवाज कमीजास्त करतो, तिथे सी-३ नं जी झिलई येते ती रोटरीनं येत नाही. मी उलट करेन: पहिल्या फेरीला सी-३ चालू आणि रोटरी थांबवलेला, ब्रेक असेल तर ब्रेकवर. दुसऱ्या फेरीला सी-३ बंद आणि रोटरी संथ. एकाच गाण्यात दोन रंग मिळतात आणि दोन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत.

धरलेल्या सुरात जान आणायचा आणखी एक मार्ग. दोन बार ई फ्लॅट मेजर सेव्हन आहे. दुसऱ्या बारला डाव्या हातानं कॉर्ड सोडा, बेस आणि चाल चालू ठेवा, आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हातानं वरच्या कीबोर्डचा चौथा ड्रॉबार, म्हणजे ४ फुटी, शून्यावरून चारपर्यंत हळू ओढा. धरलेला सूर तिथल्या तिथे उजळतो. पुढच्या वाक्याच्या आधी परत आत. झटक्यानं ओढला तर प्रत्येक खाचेला पायरी ऐकू येते, म्हणून दोन मात्रा घ्या.

मायनर कॉर्ड दोन बार चालली तर आतला एक सूर उतरवा. सी मायनरवर डाव्या हाताच्या वरच्या बोटानं सी, बी, बी फ्लॅट, ए, प्रत्येकी दोन मात्रा. बाकी बोटं स्थिर. त्या वेळी चालीत लांब सूर असेल तरच करा, चाल हलत असेल तर हे मध्ये येतं.

पेटीवाला_विश्रामबाग

ई-ई फ्लॅटची टाच-चवड्याची युक्ती बसली. रोटरी दोन्ही पद्धतींनी करून बघतो. हॅमंडचा नाद सोडला, ६० हर्ट्झचं वाचून घरातल्यांनाच जास्त आनंद झाला.

शेवटचं: खालच्या मिडी कीबोर्डवर कॉर्ड हळू दाबली तर कधी कधी एखादा सूर येतच नाही. आणि एक्स्प्रेशन पेडल उलटं चालतंय, पुढे दाबलं की आवाज कमी.

चवडा_टाच (कराड)

पेडल उलटं म्हणजे वायरिंगचा फरक. निरनिराळ्या कंपन्यांच्या एक्स्प्रेशन पेडलच्या जॅकमध्ये टिप आणि रिंग अदलाबदल असते. कीबोर्डच्या मेनूत पोलॅरिटी असेल तर ती बदला. नसेल तर छोटी अडॅप्टर केबल करून घ्या, टिप आणि रिंगच्या तारा एकमेकींच्या जागी डाग द्यायच्या, स्लीव्ह तशीच. पेडल सीसी ११ ला जोडा (सीसी म्हणजे मिडी कंट्रोलचा क्रमांक), सीसी ७ ला नको. ७ हा एकूण व्हॉल्यूम आहे, आवाज बदलला की तो मनाला येईल तिथे उडी मारतो. किमान किंमत १२७ पैकी ३५-४० ठेवा, पूर्ण शून्य नको. खऱ्या हॅमंडचं पेडलही आवाज कधी पूर्ण बंद करत नाही.

सूर गळण्याची दोन कारणं संभवतात. खालच्या कीबोर्डच्या रबरी संपर्कात धूळ असेल तर ठरावीक पट्ट्याच गळतात. त्या कोणत्या ते लिहून घ्या, पट्ट्या उघडून संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सगळ्याच पट्ट्या हळू दाबल्यावर गळत असतील तर कीबोर्डची व्हेलॉसिटी फिक्स्ड करा, १०० वर. ऑर्गनला जोर कळायची गरजच नाही. वरचा चॅनेल १, खालचा २, पेडल ३, आणि तिघांची मिडी वायर कार्यक्रमाच्या आधी सेलोटेपनं चिकटवून ठेवा. पायाजवळची तर नक्कीच.